आकड्यांतून नावांकडे : गणकयंत्राची चिन्हभाषा

पुण्याहून साताऱ्याकडे निघालेल्या पाहुण्याला आपण ‘शिरवळला उतरा’ असे सांगतो. ‘अमुक आकड्याच्या दगडापाशी उतरा’ असे सांगत नाही. कात्रजच्या घाटात रस्त्याला नवे वळण दिले, तर पुढच्या सर्व दगडांचे आकडे बदलतील; शिरवळ मात्र नीरेकाठी होते तेथेच राहील. ही साधी सोय गणकयंत्राच्या जगात यायला काही वर्षे लागली. त्या वर्षांची हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत.

सुरुवात घरच्याच यंत्रापासून करू. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेले टिफ्रॅक हे गणकयंत्र १९६० साली कामाला लागले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या आणि स्मृतीचे खण होते २,०४८. प्रत्येक खणाला ० ते २०४७ असा क्रमांक. यंत्राला कळतात ते फक्त शून्य आणि एक. म्हणजे ३७ वा खण सांगायचा तर ०००००१००१०१ असे अकरा अंक मांडावे लागणार! आज्ञा लिहिणाऱ्यांना अशा अंकभाषेतच व्यवहार करावा लागे.

नुसते अंक पाठ करणे हे फारसे अवघड नव्हे. खरी पंचाईत निराळीच. समजा, शंभर आज्ञा लिहून झाल्या आणि दहावीनंतर एक राहून गेल्याचे ध्यानात आले. ती आत घातली की पुढच्या नव्वद आज्ञा एकेक खण सरकल्या. आता ‘साठाव्या खणाकडे परत जा’ असे जेथे जेथे लिहिले असेल, तेथे तेथे एकसष्ट करायला हवे. एखादा आकडा नजरेतून सुटला तरी यंत्र तक्रार करीत नाही. ते निमूटपणे भलत्याच खणाकडे जाते आणि चुकीचे उत्तर तितक्याच सुबकपणे छापून देते.

यावर पहिला मोठा उपाय निघाला तो केंब्रिजला. तेथे १९४९ मध्ये एड्सॅक हे यंत्र सुरू झाले. डेव्हिड व्हीलर या तरुण विद्यार्थ्याने त्यासाठी अवघ्या ३१ प्रारंभिक आज्ञा रचल्या. त्यांच्या बळावर यंत्र अक्षरे वाचू लागले : बेरजेला ए, वजाबाकीला एस, आणि खणाचा क्रमांक आपल्या नेहमीच्या दशमान पद्धतीत. त्याचे रूपांतर यंत्रच करी.

तरी खणांचे आकडे उरलेच होते. तेथे नावे योजण्याचे काम आयबीएमच्या ७०१ या यंत्रासाठी नॅथॅनियल रॉचेस्टर यांनी केले. लिहिणाऱ्याने खणाला ‘एकूण’ म्हणावे, नाहीतर ‘व्याज’. नाव त्याच्या मर्जीचे. ही नावे सोडवणाऱ्या आज्ञावलीला असेंब्लर म्हणतात. तो सहसा मजकूर दोनदा वाचतो. पहिल्या फेरीत आज्ञा मोजत मोजत कोणते नाव कोणत्या खणावर आले याची यादी करतो. दुसऱ्या फेरीत यादी पाहून नावांच्या जागी आकडे भरतो. दोन फेऱ्या कशाला? कारण पुष्कळदा नाव आधी वापरलेले असते आणि त्याची जागा नंतर कळते. पुस्तक छापून होईपर्यंत अनुक्रमणिकेतले पृष्ठांक भरता येत नाहीत, तसेच हे.

१९५५ चा सोप हा असेंब्लर याच्याही पुढे गेला. आयबीएम ६५० ची स्मृती मिनिटाला १२,५०० फेरे घेणाऱ्या चुंबकीय पिंपावर असे. पुढची आज्ञा वाचकाग्राखालून नुकतीच निघून गेली, तर पुरा फेरा थांबणे आले. म्हणून एक आज्ञा पुरी होते न होते तोच दुसरी समोर यावी, अशा जागा सोप शोधून देई. हा हिशेब हाताने करणाऱ्यांची आम्हाला कीव येते. १९५६ मध्ये रॉय नट यांनी ७०४ या यंत्रासाठी सॅप तयार केला, आणि तो शेअर या वापरणाऱ्यांच्याच मंडळामार्फत ठिकठिकाणी पोहोचला.

एवढे महागडे यंत्र कारकुनीला जुंपायचे काय, असा आक्षेप तेव्हा निघे. आमच्या मते तो उफराटा आहे. हजार आकडे न चुकता बदलणे हे काम माणसापेक्षा यंत्रालाच शोभते.

टाटा संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हे अमेरिकन यंत्र आले. त्याच्यासाठी कंपास नावाचा तयार असेंब्लर होता. आज्ञा पत्त्यांवर भोके पाडून द्यायच्या. छापून येणाऱ्या तक्त्यात एका बाजूस आपली नावे, दुसऱ्या बाजूस यंत्राचे आकडे, आणि ज्या नावाची जागा कोठेच सांगितलेली नसेल, त्याच्यापुढे चुकीची खूण.