नागभीड जंक्शन आणि पेशींच्या वाटा

नागभीडला आमच्या शेजारी बाळ झालं. आई-बाबा दोघेही सिकलसेलचे वाहक, पण त्रास कोणालाच नाही. बाळाचं रक्त तपासा म्हटलं तर आजी म्हणाली, "पोरगं ठणठणीत हाये, कायले टोचता त्याले?" आजीचं चुकलं कुठे? त्यासाठी गर्भातल्या पेशींची गोष्ट समजून घ्यावी लागेल.

आपण सगळे एका पेशीपासून सुरू होतो. एकीच्या दोन, दोनच्या चार असं वाढत साधारण पाचव्या दिवशी पहिली वाटणी होते. बाहेरच्या पेशींपासून वार बनते, आतल्यांपासून बाळ. तिसऱ्या आठवड्यात आतल्या पेशींचे तीन थर होतात. वरच्या थरापासून त्वचा आणि मेंदू, मधल्यापासून हाडं, स्नायू, हृदय आणि रक्त, खालच्यापासून फुफ्फुसं, यकृत आणि आतड्याचं अस्तर.

गंमत म्हणजे जनुकांचा संच सगळ्या पेशींना तोच मिळतो. मग मेंदूची पेशी वेगळी, स्नायूची वेगळी कशी? कोणती जनुकं चालू आणि कोणती बंद, एवढाच फरक! शेजारच्या पेशींकडून रासायनिक निरोप येतात. त्यानुसार काही प्रथिनं डीएनएला चिकटून हे स्विच दाबतात. आपल्या जंक्शनचंच बघा ना. ब्रह्मपुरीकडून आलेली लाइन नागभीडला फुटते, एक फाटा मूलकडे, दुसरा उमरेडकडे. इंजिन तेच, पण सांधा जिकडे वळेल तिकडे गाडी जाते. पेशी तर एकदा वाटेला लागली की सहसा मागे फिरत नाही.

आता बाळाच्या रक्ताकडे येऊ. पोटात असताना लाल पेशींमध्ये हिमोग्लोबिनचं 'गॅमा' जनुक जोरात चालू असतं. जन्माच्या सुमारास सांधा बदलतो. गॅमा हळूहळू बंद होतं आणि 'बीटा' त्याची जागा घेतं. सिकलसेलचा दोष नेमका या बीटामध्ये! म्हणून पहिले पाच-सहा महिने आजारी बाळसुद्धा ठणठणीत दिसतं. नंतर लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हातपाय सुजतात, कळा येतात, जंतुसंसर्ग जिवावर बेतू शकतो. आधी कळलं तर औषधं आणि लसी वेळेवर देता येतात.

हायड्रॉक्सीयुरिया हे औषध गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा वाढवतं. २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने मंजूर केलेली 'कॅसगेव्ही' ही जनुकीय उपचारपद्धती तर गॅमाला बंद ठेवणारा स्विचच निकामी करते. पण ती इतकी महाग आहे की आपल्या गावात तपासणी हाच खरा उपाय.

दोघे वाहक असतील तर प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. चंद्रपूर-गडचिरोलीत हा आजार बराच आढळतो. तेव्हा आजीला समजावण्याआधी होस्टेलमधल्या आपणच एकमेकांना विचारूया, "तू तुझं रक्त तपासलंस का?"