कोपेपोड : आहार व वाढ

कोपेपोड : संधिपाद संघातील क्रस्टेशिया म्हणजेच कवचधर प्राण्यांचा हा एक मोठा गट आहे. समुद्रातील प्राणिप्लवकांत [⟶ प्लवक] संख्येने बहुधा यांचाच भरणा अधिक असतो. प्लवकी जातींपैकी बहुतेकांची लांबी ०·५ ते ५ मिमी. असते. सूक्ष्म शैवले खाऊन ते वाढतात आणि मासे त्यांना खाऊन वाढतात. अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या बहुतेक सागरी माशांच्या डिंभांचे पहिले अन्न कोपेपोडांचे डिंभ हेच असते. त्यामुळे कोपेपोडाला कोणते अन्न मिळाले, यावर त्याच्या स्वतःच्या वाढीबरोबरच मत्स्योत्पादनही बऱ्याच अंशी अवलंबून राहते.

अंड्यातून बाहेर पडणाऱ्या डिंभाला नॉप्लियस म्हणतात. नॉप्लियसाच्या सहा अवस्था व त्यानंतर कोपेपोडिडाच्या पाच अवस्था पार पडल्यावर प्राणी प्रौढ होतो. प्रत्येक अवस्थेच्या शेवटी तो कात टाकतो. प्रौढ झाल्यावर मात्र तो कात टाकत नाही व त्याची लांबीही वाढत नाही. मादीने मिळविलेल्या अन्नाचा मोठा वाटा यापुढे अंड्यांकडे वळतो. म्हणून प्रौढ मादीची वाढ मोजावयाची झाल्यास ती दररोज किती अंडी घालते, हे मोजतात. पहिल्या एकदोन अवस्थांतील नॉप्लियस काहीही न खाता अंड्यातील पीतकावर जगतो. कॅलॅनस वंशात तो तिसऱ्या, तर अकार्शिया वंशात दुसऱ्या अवस्थेत खाऊ लागतो. कॅलॅनसाची ही तिसरी अवस्था आधीच्या दोहोंपेक्षा बरीच लांबते. या वेळी योग्य अन्न जवळपास नसले, तर डिंभ मोठ्या संख्येने मरतात.

अन्नाचे प्रमाण : स्कॉटलंडमधील मिलपोर्ट येथील सागरी संशोधन केंद्रात शीना मार्शल व ए. पी. ऑर यांनी कॅलॅनस फिनमार्किकस या जातीचा अनेक वर्षे अभ्यास केला व त्याचे सार १९५५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. भरपूर शैवले दिलेल्या माद्या उपाशी माद्यांपेक्षा कितीतरी अधिक अंडी घालतात, हे त्यांनी प्रयोगांनी दाखविले. क्लाइड नदीमुखाजवळील समुद्रातही अंडी घालण्याचा भर वनस्पतिप्लवकांच्या बहराशी जुळत असल्याचे त्यांना आढळले. अन्न वाढत जाईल तशी वाढही अमर्याद होते असे मात्र नाही. एका मर्यादेपर्यंत वाढीचा वेग चढत जातो व त्यापुढे तो स्थिरावतो. या मर्यादेच्या वर अन्न असेल, तेव्हा वेग तापमानावर ठरतो. हंटली व लोपेझ यांनी १९९२ साली याच्याही पुढे जाऊन असे मत मांडले की, निसर्गात कोपेपोडांच्या वाढीचा वेग जवळजवळ संपूर्णपणे तापमानावरून सांगता येतो आणि अन्नटंचाईला फारसे महत्त्व नाही. हे मत सर्वमान्य झाले नाही. मोठ्या जाती व प्रौढ माद्या यांना खुल्या समुद्रात पुष्कळदा अन्न कमी पडते, असे त्यानंतरच्या मोजमापांवरून दिसते.

अन्नकणाचा आकार : कोपेपोड आपल्या केसाळ उपांगांनी पाणी चाळून घेतात, असे पूर्वी समजत. १९८० च्या सुमारास अतिवेगवान चित्रणामुळे ही कल्पना बदलली. एवढ्या लहान प्राण्याच्या दृष्टीने पाणी काकवीसारखे दाट असते. त्यातून केसांची चाळणी ओढण्यापेक्षा शैवलाची एकेक पेशी पाण्याच्या आवरणासह उपांगांनी जवळ ओढणे त्याला सोपे जाते. तो पेशीची चव पाहतो व नको असल्यास ती झटकूनही टाकतो. ऑइथोना वंशातील प्राणी तर पाण्यात निश्चल राहून हालचाल करणाऱ्या भक्ष्यावर झडप घालतात. अकार्शिया टोन्सा या जातीवर १९८८ साली डेन्मार्कमध्ये झालेल्या संशोधनाप्रमाणे अन्नकणाचा सर्वांत सोयीचा आकार प्राण्याच्या अग्रकायेच्या लांबीच्या सु. २ ते ५ टक्के असतो. दोन मायक्रॉनांहून लहान कण कोणत्याच अवस्थेला धरता येत नाहीत. म्हणजे पाणी शैवलांनी हिरवेगार असूनही त्यातील पेशी फार बारीक वा फार मोठ्या असल्यास कोपेपोड उपाशी राहू शकतो. उत्तर अरबी समुद्रातील हिवाळी बहरांत २००० नंतरच्या काळात डायाटमांची जागा मोठ्या प्रमाणावर हिरव्या नॉक्टिल्यूका सिंटिलान्सने घेतली आहे. तिची एकेक पेशी कोपेपोडाच्या अंगाएवढी मोठी असू शकते. तिच्यावर प्रामुख्याने साल्प व जेलीफिश पोसले जातात.

अन्नाची प्रत : पोट भरले तरी वाढ होईलच असे नाही. एकाच जातीचे शैवल नायट्रोजनयुक्त पोषणात वाढविले असता त्यात प्रथिने अधिक असतात, तर उपाशी ठेवले असता कार्बनयुक्त पदार्थ साचतात. पहिल्या प्रकारचे अन्न मिळालेली अकार्शियाची मादी बरीच अधिक अंडी घालते. याखेरीज स्टेरॉले व काही दीर्घ शृंखलेची असंतृप्त वसाम्ले आहारातूनच मिळावी लागतात. स्टेरॉल कोणताही कवचधर प्राणी मुळापासून तयार करू शकत नाही. केवळ एका शैवलावर पोसलेली पिढी म्हणूनच बहुधा खुरटते. काही आदिजीव मधल्या दुव्याचे काम करून निकृष्ट शैवलांपासून अधिक सकस अन्न पुरवितात. त्यामुळे शाकाहारी समजल्या गेलेल्या अनेक जाती प्रत्यक्षात मिश्राहारी आहेत.

डायाटमांविषयीचा वाद या संदर्भात लक्षणीय आहे. समुद्रातील अन्नसाखळीचा पाया म्हणजे डायाटम, अशी जुनी व साधार समजूत होती. नेपल्स येथील संशोधकांनी १९९९ साली असे दाखविले की, काही डायाटमांची पेशी चिरडली जाताच तीत आल्डिहाइडे तयार होतात व ती खाणाऱ्या मादीच्या अंड्यांतील भ्रूणांचे विभाजन थांबते. मादी स्वतः धडधाकट राहते व अंडीही घालते, पण ती फुटत नाहीत. याउलट २००२ साली प्रसिद्ध झालेल्या बारा सागरी क्षेत्रांच्या तुलनेत डायाटम विपुल असलेल्या ठिकाणी अंडी फुटण्याचे प्रमाण कमी झाल्याचे आढळले नाही. प्रयोगशाळेत एकच अन्न सक्तीने खावे लागते, तर समुद्रात निवडीला वाव असतो, हे या विसंगतीचे एक संभाव्य कारण होय.

अन्नटंचाईला तोंड देण्याची शक्ती जातीनुसार भिन्न असते. अकार्शियाजवळ साठा जवळजवळ नसल्याने अन्न थांबताच थोड्याच दिवसांत तिचे अंडी घालणे बंद पडते. कॅलॅनस उन्हाळ्याअखेर मेणासारख्या एस्टरांचा तैलकोश भरून घेतो व पाचव्या कोपेपोडिड अवस्थेत खोल पाण्यात जाऊन हिवाळा न खाता काढतो. त्याच्या शुष्क वजनात निम्म्याहून अधिक भाग या एस्टरांचा असू शकतो.

मत्स्यसंवर्धनात या ज्ञानाचा थेट उपयोग होतो. सागरी माशांच्या डिंभांना डोकोसाहेक्झिनॉइक अम्ल आवश्यक असते. ते आर्टेमियाच्या नॉप्लियसांत जवळजवळ नसल्याने त्यांना आधी तैलयुक्त पायस खाऊ घालावे लागते. अकार्शियासारखे कोपेपोड आयसोक्रायसिस या अम्लयुक्त शैवलावर वाढविल्यास ते अम्ल त्यांच्या अंगी उतरते, परंतु ड्यूनॅलिएला या अम्लविरहित शैवलावर वाढविल्यास उतरत नाही. तळाशी राहणारा टिस्बे मात्र ड्यूनॅलिएलावर वाढूनही स्वतः ते अम्ल तयार करतो.