अंदाज बांधा, पैज नको!

मैत्रिणींनो, जानेवारी उजाडला की तुमच्याकडे तिळगुळाची, वाणाची, हळदीकुंकवाची धांदल सुरू होते. आमच्याकडे न्यू जर्सीत त्याच दिवसांत एकच प्रश्न घराघरांत ऐकू येतो, 'या शनिवारी कोण जिंकणार?' दुकानात काउंटरवरची मुलगी विचारते, टपाल टाकायला आलेला माणूस विचारतो, शेजारच्या आजीबाईसुद्धा कुंपणापलीकडून विचारतात. कारण हे दिवस अमेरिकन फुटबॉलच्या प्लेऑफचे, म्हणजे बाद फेरीचे.

मी मूळची चाळीसगावची. लग्न होऊन इथे आले त्याला वीस वर्षं होऊन गेली. फुटबॉल म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर पायानं मारायचा गोल चेंडू यायचा. इथला चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता आणि बहुतेक वेळ हातातच! चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांना द्यायचा. चेंडू थेट शेवटच्या पट्ट्यात नेला तर सहा गुण, लाथेनं खांबांमधून पलीकडे मारला तर तीन. एवढं कळलं की सामना बघता येतो. बाकीचं नवरा आणि मुलं ओरडून ओरडून शिकवतातच.

एनएफएल या लीगमध्ये ३२ संघ. त्यांचे १६-१६चे दोन गट. प्रत्येक संघ साखळीत १७ सामने खेळतो आणि मग दोन्ही गटांतले सात-सात, असे १४ संघ बाद फेरीत येतात. पहिल्या आठवड्यात सहा सामने, दुसऱ्यात चार, तिसऱ्यात दोन आणि फेब्रुवारीत शेवटचा सुपर बोल. एकूण १३ सामने. हरला की घरी!

मी एका दातांच्या दवाखान्यात स्वागतकक्षात काम करते. आमच्या जेवणाच्या खोलीत फ्रीजवर या दिवसांत एक मोठा कागद चिकटवलेला असतो. प्रत्येकीनं आपल्या नावापुढे त्या आठवड्याचे विजेते लिहायचे. पैशांचा व्यवहार नाही. सुपर बोलनंतर जिचे सर्वांत जास्त अंदाज बरोबर, तिला बाकीच्यांनी आठवडाभर डबा आणायचा. आमच्यातली एक जण चक्क संघाच्या चिन्हावरून ठरवते. गरुड आणि अस्वल यांची झुंज लागली तर कोण जिंकेल, हा तिचा सगळा अभ्यास! सर्वांत ज्येष्ठ बाई मात्र एकच नियम पाळतात. सामना ज्यांच्या मैदानावर, त्यांचं नाव लिहायचं. आणि मंडळी, त्यांच्याकडे डबा बऱ्याचदा जातो.

त्याला कारणही आहे. सुपर बोल सोडला तर बाद फेरीतला सामना साखळीत वरचा क्रमांक मिळवलेल्या संघाच्या मैदानावर होतो. म्हणजे घरचा संघ मुळातच जरा सरस, त्यात प्रेक्षक त्यांचे, हवाही त्यांच्या सवयीची. १३ जानेवारी २०२४ ला ऊबदार मायामीचा संघ कॅन्सस सिटीत खेळायला गेला, तेव्हा तापमान होतं शून्याखाली २० अंश सेल्सिअस! मायामी ७-२६ असे हरले. बिचाऱ्यांचं नवल नाही, मी असते तर गाडीतून उतरलेच नसते.

मग दुखापतींची यादी बघायची. प्रत्येक संघाला सामन्याआधी ती जाहीर करावीच लागते. त्यात क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून सगळा डाव चालवणारा खेळाडू, धडधाकट आहे का ते पाहायचं. दोन्ही गटांतल्या पहिल्या क्रमांकाच्या संघाला पहिल्या आठवड्यात विश्रांती मिळते, तेही ध्यानात घ्यायचं. एवढं केलं की तुमचा अंदाज टीव्हीवरच्या कोट घातलेल्या तज्ज्ञांच्या आसपास येतो. खरंच सांगते!

पण आसपास म्हणजे किती? इथेच खरी गंमत आहे.

समजा, तुम्ही इतक्या हुशार आहात की दर दहा सामन्यांत सात वेळा तुमचा विजेता बरोबर निघतो. सत्तर टक्के! बोर्डाच्या परीक्षेत चांगलाच वर्ग मिळेल. पण ओळीनं तीन सामने बरोबर येण्याची शक्यता तीनात साधारण एकदाच. सगळे १३ बरोबर येण्याची? शंभरात एकदा! आणि नुसतं नाणं उडवून ठरवलंत तर ८१९२ वेळांत एकदा. हवामान खात्यानं 'पाऊस नाही' म्हटलं तरी गच्चीवर वाळवण घालताना आपण शेजारी एक प्लास्टिकचा कागद घडी करून ठेवतोच ना? अंदाजाचं तसंच आहे. सत्तर टक्के म्हणजे उरलेल्या तीन वेळा पापड भिजणार आहेत, हे त्यातच सांगितलेलं असतं.

अशी भिजलेली वाळवणं इथे पुष्कळ आहेत. ३ फेब्रुवारी २००८ चा सुपर बोल घ्या. न्यू इंग्लंड पेट्रियट्स हा संघ त्या हंगामात ओळीनं १८ सामने जिंकून आला होता, एकही हार नाही. समोर आमच्या इथले जायंट्स. जवळजवळ सगळे जाणकार पेट्रियट्सच्या बाजूनं. शेवटच्या मिनिटांत जायंट्सच्या डेव्हिड टायरीनं एक फेक अशी झेलली की चेंडू त्याच्या हातात आणि हेल्मेटवर दाबून धरलेला! सामना संपायला ३५ सेकंद असताना जायंट्सनी निर्णायक टचडाऊन केला आणि १७-१४ नं जिंकले. हेल्मेटवर चेंडू अडकेल, हे कुठल्या अभ्यासात बसणार?

८ जानेवारी २०११ ला तर सिअॅटलचा संघ साखळीत ७ जिंकून ९ हरलेला होता. आपल्या विभागात कुणाचीच कामगिरी त्याहून सरस नव्हती म्हणून हे बाद फेरीत आले. समोर आदल्या वर्षीचा विजेता न्यू ऑर्लिन्स. सिअॅटल ४१-३६ नं जिंकलं! मार्शॉन लिंच हा खेळाडू ६७ यार्ड धावत सुटला तेव्हा प्रेक्षकांनी असा दणका उडवला की जवळच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली.

आणि २३ जानेवारी २०२२ चा बफेलो विरुद्ध कॅन्सस सिटी सामना! अवघे १३ सेकंद उरले असताना बफेलो तीन गुणांनी पुढे. तेवढ्यात कॅन्सस सिटीनं बरोबरी साधली. जादा वेळेसाठी नाणं उडवलं, ते कॅन्सस सिटीच्या बाजूनं पडलं, त्यांनी पहिल्याच डावात टचडाऊन केला आणि तेव्हाच्या नियमानुसार खेळ खलास. बफेलोच्या हाती चेंडू आलाच नाही. इतकी हळहळ झाली की त्याच वर्षी बाद फेरीसाठी नियम बदलला. आता जादा वेळेत दोन्ही संघांना चेंडू मिळतो.

बेसबॉल, बास्केटबॉलमध्ये बाद फेरीत दोन संघ पुन्हा पुन्हा भिडतात. त्यामुळे एखादा वाईट दिवस भरून निघतो. फुटबॉलला एकच दिवस. त्यात चेंडू लांबट, जमिनीवर पडला की कुठे उसळेल ते त्यालाही ठाऊक नाही.

फ्रीजवरच्या कागदावर हे सगळं हसण्यावारी जातं. पण २०१८ पासून इथे दिवस बदलले. आमच्याच न्यू जर्सी राज्यानं लढवलेल्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं त्या वर्षी मे महिन्यात निकाल दिला, आणि खेळांवर पैसे लावायला परवानगी द्यायची की नाही, हे राज्यांच्या हाती आलं. आता पस्तीसहून जास्त राज्यांत ते कायदेशीर आहे. बहुतेक ठिकाणी मोबाइलवरून घरबसल्या पैसे लावता येतात, आणि सामन्याच्या मध्येमध्ये जाहिराती त्याच.

माझ्या एका मराठी मैत्रिणीचा मुलगा. लहानपणी आमच्या मराठी शाळेत यायचा, मला मावशी म्हणतो. गुणी पोर. कॉलेजात गेला, एकवीस पूर्ण झाले आणि मोबाइलवर खातं उघडलं. पहिल्या आठवड्यात चारपैकी तीन अंदाज बरोबर आले. तिथेच घात झाला! मग रक्कम वाढत गेली. हरलेलं भरून काढायला आणखी लावली. एक दिवस घरमालकाचा फोन माझ्या मैत्रिणीला आला, तीन महिन्यांचं भाडं थकलंय म्हणून. आईवडील दर महिन्याला पाठवत होते ते पैसे या खेळात गेले होते.

मी भेटायला गेले तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "मावशी, पण मला गेम कळतो गं." आणि ते खरंच होतं! कुठला खेळाडू कुठे दुखावलाय, कुठला संघ थंडीत कसा खेळतो, सगळं तोंडपाठ. खेळ कळतो म्हणजे निकाल कळतो, असं त्याला वाटलं होतं.

मग मी कागद-पेन्सिल घेऊन त्याच्यासमोर हिशेब मांडला. किराणा दुकानदाराच्या मुलीला एवढं येतंच! पैसे घेणाऱ्या कंपन्या दुबळ्या संघाला आधी काही गुणांची सूट देतात, म्हणजे दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या होतात. तुमची हुशारी तिथेच निम्मी संपली. मग १०० डॉलर जिंकायला साधारण ११० लावायचे. वीसपैकी दहा बरोबर आले, दहा चुकले, तर मिळाले हजार आणि गेले अकराशे. निम्मे बरोबर येऊनही शंभर तोटा! शंभरात ५३ बरोबर आले तर कुठे हाती काही पडायचं. चार अंदाजांची माळ लावली, तर त्या सारख्या करून ठेवलेल्या पारड्यात चारही बरोबर येण्याची शक्यता सोळात एक. म्हणजे जिंकणाऱ्याला पंधरापट मिळायला हवेत, मिळतात साधारण बारापट. मधले तीन कुणाच्या खिशात जातात, ते सांगायला नको.

तो बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसला. मैत्रिणीनं आरडाओरडा केला नाही, हे तिचं मोठेपण. न्यू जर्सीत स्वतःचं नाव बंदीच्या यादीत घालून घेता येतं, मग ठरावीक काळ कुठलीही परवानाधारक कंपनी तुमचे पैसे घेऊ शकत नाही. त्यानं नाव घातलं. समुपदेशकाकडे जातो. शनिवार-रविवार एका दुकानात काम करून भाड्याचे पैसे फेडतो आहे.

तुम्ही म्हणाल, हे अमेरिकेचं झालं. पण आयपीएलच्या दिवसांत आपल्या गावातल्या पानटपरीवर काय चालतं, ते मी तुम्हाला सांगायला हवं का? भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, फार बरं झालं. तरी चोरून चालणारा सट्टा काही कायद्याला विचारून येत नाही. मुलगा सामना संपल्यावर हरल्या-जिंकल्यापेक्षा जास्त अस्वस्थ दिसतोय का, मोबाइल पालथा ठेवतोय का, फीचे पैसे पुन्हा मागतोय का, याकडे आईचंच लक्ष हवं.

अंदाज बांधू नका, असं मात्र मी म्हणणार नाही. त्यात मजा आहे, डोकंही चालतं. फक्त सामन्याआधी कागदावर लिहून ठेवा, कारणासकट. नाहीतर बरोबर आलेलं तेवढं आपल्याला आठवतं आणि चुकलेलं सोयीनं विसरतं. दिवंगत डॉ. जयंत नारळीकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या मंडळींनी २००८ साली पुण्यात ज्योतिषांची अशीच परीक्षा घेतली होती. पत्रिका पाहून मूल हुशार की मतिमंद ते सांगायचं. उत्तरं मोजली, तर नाणं उडवून येतील त्याहून जास्त काही बरोबर आली नाहीत. मोजलं की सगळं उघडं पडतं!

पुढच्या आयपीएलला तुमच्याही फ्रीजवर असा एक कागद लावून बघा. सासूबाई, नणंद, मुलं, सगळ्यांची नावं घाला. मुलांना मोजू द्या, स्वतःचे किती चुकले ते त्यांना त्यांच्याच अक्षरात दिसू द्या. बक्षीस काय ठेवायचं ते तुम्ही ठरवा. हरलेल्यानं पुरणपोळ्या लाटायच्या, असं ठेवलंत तर मला जरूर कळवा!