दमून घरी आल्यावर: निवांत अॅनिमेची ओळख

जपानमध्ये दर रविवारी संध्याकाळी साडेसहाला 'साझाए-सान' लागतं. १९६९पासून चालू असलेली ही मालिका जगातली सर्वांत दीर्घकाळ चाललेली कार्टून मालिका म्हणून गिनेस बुकात नोंदली गेली आहे. एक एकत्र कुटुंब, घरातले रुसवेफुगवे, शेजारीपाजारी, एवढाच तिचा पसारा. पण ती संपते तेव्हा सुट्टीही संपत आलेली असते आणि सोमवार डोळ्यांपुढे उभा राहतो. त्या वेळी पोटात येणाऱ्या गोळ्याला जपानी लोक 'साझाए-सान सिंड्रोम' म्हणतात. जादा कामाने माणसं दगावतात या वास्तवासाठी 'कारोशी' हा वेगळा शब्दही याच देशाने घडवला. आणि कामाचा शीण उतरवण्यासाठी अॅनिमेची एक अख्खी शाखाही तिथेच वाढली.

आपल्याकडे अॅनिमे म्हटलं की लहानपणी हिंदीत पाहिलेले डोरेमॉन आणि शिनचॅन आठवतात. पुढे कॉलेजात 'नारुतो', 'अटॅक ऑन टायटन', 'डीमन स्लेयर'. म्हणजे एक तर मुलांसाठीचं, नाही तर तलवारी आणि रक्तपात. या दोन्हींच्या मधली, मोठ्या माणसांसाठी मुद्दाम शांत ठेवलेली शाखा अनेकांच्या नजरेतून सुटून गेली आहे. हा लेख त्यांच्यासाठी.

ही शाखा आली कुठून

तिला 'इयाशिकेई' म्हणतात. मनाला आराम पडावा म्हणून केलेली कलाकृती, असा साधारण अर्थ. १९९५ हे वर्ष जपानसाठी फार वाईट गेलं. १७ जानेवारीला कोबे परिसरात भूकंप झाला, त्यात सहा हजारांहून जास्त माणसं गेली. २० मार्चला टोकियोच्या भुयारी रेल्वेत ओम शिनरिक्यो पंथाने सरीन हा विषारी वायू सोडला. जमीनजुमला आणि शेअर बाजाराचा फुगा त्याआधीच फुटलेला होता. या हादऱ्यांनंतर तिथे मनाला विसावा देणाऱ्या संगीताची, पुस्तकांची, वस्तूंची मोठी लाट आली आणि हा शब्द लोकांच्या तोंडी बसला.

या शाखेचा उगम म्हणता येईल असं काम मात्र थोडं आधीचं आहे. हितोशी आशिनानो यांची 'योकोहामा काइदाशी किको' ही चित्रकथा १९९४मध्ये सुरू झाली आणि २००६पर्यंत चालली. समुद्र चढत चालला आहे, शहरं पाण्याखाली गेली आहेत, माणसं हळूहळू संपत आली आहेत. अशा जगात आल्फा नावाची एक यंत्रमानव मुलगी आडगावात कॉफीचं दुकान चालवते. गिऱ्हाईक क्वचितच येतं. ती स्कूटरवरून सामान आणायला जाते, म्हाताऱ्या शेजाऱ्याशी बोलते, सूर्यास्त बघते. मला हे फार मोलाचं वाटतं, की या शाखेचा शांतपणा संकट न पाहिलेल्यांचा नाही. मोठी पडझड होऊन गेल्यावरही चहा करावा लागतो आणि अंगण झाडावं लागतं, हे तिला पहिल्यापासून ठाऊक आहे.

यातल्या बऱ्याच मालिका जपानी टीव्हीवर रात्री उशिरा लागतात, कारण त्यांचा प्रेक्षक कामावरून परतलेला, जेवून नुकताच टेकलेला असतो. एक भाग साधारण २४ मिनिटांचा, एका सीझनमध्ये १२-१३ भाग. थकलेल्या माणसाला झेपेल असंच हे माप आहे.

खलनायक नाही, मग गोष्ट चालते कशावर

हे समजून घ्यायला 'युरु कॅम्प'चा पहिला भाग पुरेसा आहे. आफ्रो या टोपणनावाने चित्रकथा काढणाऱ्या कलाकाराची ही कथा २०१८मध्ये पडद्यावर आली. रिन ही शाळकरी मुलगी थंडीत एकटीच सायकलला सामान बांधून मोतोसु तळ्याकाठी तंबू ठोकायला जाते. थंडीतच, कारण तेव्हा गर्दी नसते. जागा निवडते, तंबू उभा करते, खुर्ची उघडते, पुस्तक काढते. शेकोटीची खटपट नको, असं आधी ठरवते. मग गारठा वाढतो आणि उठावंच लागतं. कोरडी लाकडं गोळा होतात, ती बारीक फोडली जातात, पाइनची सुकलेली बोंडं जळण म्हणून घातली जातात. बोंडं लवकर पेट का घेतात, हेसुद्धा सांगितलं जातं. भागातला चांगला मोठा वेळ एवढ्यातच जातो आणि आपण खिळून बघत राहतो.

त्या रात्री तिला नादेशिको भेटते. हजार येनच्या नोटेवरचा फुजी पर्वत प्रत्यक्ष बघायचा म्हणून ती लांबून सायकल मारत आली होती आणि दमून स्वच्छतागृहाजवळच्या बाकावर झोपून गेली होती. अंधारात घाबरलेल्या या मुलीला रिन शेकोटीपाशी बसवते आणि करी-नूडल्सचा कप गरम करून देते. नादेशिको तो ज्या आवडीने खाते, ते पाहून आपल्यालाही भूक लागते. थोड्या वेळाने ढग सरतात आणि चांदण्यात फुजी दिसतो. (नोटेवरचं ते चित्र खरोखरच मोतोसु तळ्याकाठचं होतं. २०२४च्या जुलैत नव्या नोटा आल्या आणि ते बदललं.)

या भागात उत्कंठा आहे, फक्त ती छोट्या गोष्टींची आहे: शेकोटी पेटेल का, पाणी उकळेल का, ढग हटतील का. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर वीस मिनिटांच्या आत मिळतं. दिवसभरात आपण हातात घेतलेल्या किती कामांचा शेवट त्याच दिवशी दिसतो? मेलला उत्तर येतं ते आणखी तीन प्रश्न घेऊन. या मालिकांमध्येही काम भरपूर आहे, पण ते हाताने होतं, आपल्या चालीने होतं आणि पूर्ण होतं. माझ्या मते विसावा मिळतो तो यामुळे. गोंडस चेहरे आणि सुंदर देखावे पुष्कळ मालिकांत असतात. त्यातल्या ज्यांच्याकडे तेवढंच असतं, त्या दुसऱ्या भागाला कंटाळवाण्या होतात.

एका चेहऱ्यावर थांबलेला कॅमेरा

'नोन नोन बियोरी' २०१३ची. खेड्यातली शाळा, पहिलीपासून नववीपर्यंतचे मिळून पाच विद्यार्थी, एकच वर्ग. डोंगर, भातखाचरं, क्वचित येणारी बस. कोकणात किंवा घाटमाथ्यावर ज्यांचं गाव आहे, त्यांना ही हिरवाई बघून घरची आठवण येईल.

पहिल्या सीझनच्या चौथ्या भागात पहिलीतल्या रेंगेला तिच्याच वयाची मैत्रीण मिळते. होनोका शहरातून आजीकडे सुट्टीला आलेली. दोघी दिवसेंदिवस हिंडतात, फोटो काढतात. एके सकाळी रेंगे तिला बोलवायला जाते, तर आजी सांगते, वडिलांच्या कामामुळे अचानक निघावं लागलं, ती गेली. इथे दुसऱ्या कुठल्याही दिग्दर्शकाने संगीत वाढवलं असतं, मुलीला धावायला लावलं असतं. इथे कॅमेरा रेंगेच्या चेहऱ्यावर ठेवला आहे आणि तो हलतच नाही. ती काही बोलत नाही. ऐकलेलं आत उतरायला लहान मुलाला जेवढा वेळ लागतो, तेवढा तो थांबतो आणि मग डोळे भरून येतात. अॅनिमेमध्ये मी पाहिलेल्या सर्वांत प्रामाणिक प्रसंगांपैकी हा एक. पुढे होनोकाचं पत्र येतं, त्यात दोघींचा फोटो असतो. दुःखाला जागा द्यायची आणि मग अलगद हात धरायचा, ही या शाखेची रीत.

नोकरी करणाऱ्यांच्या गोष्टी

ऑफिसमधल्या शेऱ्याने ज्यांचा दिवस खराब झाला असेल, त्यांनी 'बाराकामोन' (२०१४, १२ भाग) बघावी. हांदा हा तरुण सुलेखनकार. त्याचं अक्षर पुस्तकी आहे, असं एक वयस्कर जाणकार म्हणतो आणि हांदा भर समारंभात त्याला ठोसा मारतो. वडील त्याची रवानगी नागासाकीजवळच्या गोतो बेटांवर करतात. तिथे शेजारची नारु नावाची चिमुरडी त्याला समुद्रकाठच्या उंच भिंतीपाशी नेते. पलीकडचा सूर्यास्त बघायचा तर भिंत चढावीच लागेल, असा तिचा हट्ट. तो धडपडत चढतो, बघतो, आणि त्या रात्री शाईत माखून एकच मोठं अक्षर लिहितो. मूळ चित्रकथा काढणाऱ्या सात्सुकी योशिनो स्वतः गोतोच्या. त्यामुळे तिथली बोली, माणसं आणि आगंतुकांना सामावून घेण्याची तऱ्हा कुठेही उसनी वाटत नाही. या यादीतली ही माझी सर्वांत आवडती.

निखळ हसायचं असेल तर 'शिरोकुमा कॅफे' (२०१२). ध्रुवीय अस्वलाचं कॅफे, नेहमीचं गिऱ्हाईक असलेला पेंग्विन, आणि आईने मागे लागून नोकरी शोधायला लावलेला आळशी पांडा. त्याला नोकरी मिळते प्राणिसंग्रहालयात, पांडा म्हणून, अर्धवेळ! ५० भाग आहेत, कुठूनही सुरू करा. 'वाकाकोझाके'चे भाग तर दोन-दोन मिनिटांचे. नोकरी करणारी तरुणी कामानंतर एकटीच खायला-प्यायला जाते, बस.

'अॅग्रेत्सुको'चं नाव अनेकजण सुचवतात. लेखाविभागातली ही लाल पांडा दिवसभर साहेबाची बोलणी खाते आणि रात्री कॅराओकेमध्ये डेथ मेटल गाऊन मोकळी होते. मालिका धारदार आहे, पण ती आपल्याला पुन्हा ऑफिसातच नेऊन बसवते. तेव्हा ती शनिवारी बघावी.

थोडं खोल पाणी

'आरिया' (२००५) ही जुनिची सातो यांची मालिका मंगळावर घडते. माणसाने वस्ती करून पाण्याने भरलेल्या त्या ग्रहावर व्हेनिससारखं शहर आहे आणि मुली पर्यटकांच्या नावा वल्हवायला शिकतात. नवशिकी दोन्ही हातांत मोजे घालते, हात बसला की एक मोजा उतरतो, तरबेज झाली की दुसराही. तीन मालिकांमध्ये पसरलेला हा प्रवास सावकाश आहे, आणि तोच त्याचा गुण.

'नात्सुमे युजिनचो'मध्ये अनाथ मुलाला भुतंखेतं दिसतात. आजीने वहीत बांधून ठेवलेली त्यांची नावं तो एकेक करून परत करतो. २००८ ते २०२४ या काळात तिचे सात सीझन झाले. 'मुशिशी' हीसुद्धा अप्रतिम, पण काही कथा काळजाला चटका लावतात, झोपण्यापूर्वी नको.

बघताना

आवाज मूळ जपानीच ठेवा आणि सबटायटल लावा. या मालिकांमध्ये संवाद कमी असतात. रातकिडे, किटलीची वाफ, बर्फावरची पावलं यांचं काम मोठं असतं. म्हणून फोन दुसऱ्या खोलीत ठेवणं बरं. कोणती मालिका कुठल्या अॅपवर आहे हे बदलत राहतं, आधी शोधून घ्या. आणि पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय बंद करा, कारण सलग आठ भाग बघितले तर सकाळी पुन्हा डोळे चोळतच उठाल.

सुरुवात 'युरु कॅम्प'पासून करा, रोज रात्री जेवणानंतर एकच भाग. पहिल्या सीझनचे १२ भाग आहेत, म्हणजे पाच दिवसांच्या आठवड्याने दोन आठवड्यांहून अधिक संध्याकाळींची सोय झाली.