एका एकरात मावणारा महाराष्ट्र

शेगावच्या शिवारातली एक एकर काळी जमीन घ्या, फक्त एक फूट खोल. तेवढ्या मातीचं वजन साधारण 1,600 टन भरतं. त्यात निम्मी चिकणमाती धरली, तर ती झाली 800 टन. पूर्णेच्या खोऱ्यातली ही चिकणमाती मुख्यतः स्मेक्टाइट या खनिजाची. शुद्ध स्मेक्टाइटच्या एका ग्रॅमचे सगळे पापुद्रे सुटे करून दोन्ही बाजू मोजल्या, तर 700 ते 800 चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो. आपण हात राखून 500 धरू. गुणाकार केला की उत्तर येतं 4 लाख चौरस किलोमीटर. अख्ख्या महाराष्ट्राचं क्षेत्रफळ आहे सुमारे 3 लाख 8 हजार.

हे शक्य होतं, कारण एक पापुद्रा जेमतेम 1 नॅनोमीटर जाडीचा असतो. एक मिलिमीटरच्या सुक्या खड्यात असे जवळजवळ दहा लाख थर बसू शकतात. प्रत्येक थराची बांधणी ठरलेली: वर-खाली सिलिकॉन आणि ऑक्सिजनची जाळी, मध्ये ॲल्युमिनियम. धातू, ऑक्सिजन, सिलिकॉन अशी ती साखळी. सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्यातलं अंतर अवघं 0.16 नॅनोमीटर.

हीच साखळी प्रयोगशाळेत सुट्या रेणूंमध्ये बांधतात; अशा संयुगांना धातूंचे सिलॅनोलेट म्हणतात. सिलिकॉनला जोडलेल्या हायड्रॉक्सिल गटातला हायड्रोजन काढून तिथे धातू बसवायचा, एवढंच काम. पण ते नाजूक आहे. तीन हायड्रॉक्सिल असलेले सिलॅनट्रायॉल एकमेकांना भिडले की पाणी टाकून गुंतत जातात आणि हाती नुसता गोळा उरतो. म्हणून सिलिकॉनवर एक मोठा, आडवा येणारा गट बसवावा लागतो. मग ॲल्युमिनियमचं योग्य संयुग मिसळलं, की देखणा घन तयार होतो: आठ कोपऱ्यांवर आळीपाळीने 4 सिलिकॉन आणि 4 ॲल्युमिनियम, बारा कडांवर 12 ऑक्सिजन. घनाची एक कड सुमारे 0.3 नॅनोमीटर. मुंबईच्या आयआयटीतले आर. मुरुगवेल यांनी मृणालिनी वालावलकर, ए. व्होइग्ट आणि जर्मनीचे हर्बर्ट रोस्की यांच्यासोबत 1996 साली 'केमिकल रिव्ह्यूज'मध्ये अशा संयुगांचा विस्तृत आढावा घेतला. या रचना क्ष-किरणांनी उलगडतात. त्यासाठी मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा स्फटिक पुरतो, आणि त्या कणातही एक हजार लाख कोटींहून जास्त रेणू एकाच शिस्तीत रचलेले असतात. मला ही शिस्त फार मोलाची वाटते, कारण शेतात नेमकी तीच बिघडते.

बिघडवतं ते सोडियम. पापुद्र्यांवर ऋण विद्युतभार असतो. तो मुख्यतः आतल्या ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियमसारखा धातू बसल्यामुळे येतो. विम्ल मातीत कडेच्या सिलिकॉनवरचा हायड्रोजनही सुटतो, म्हणजे तिथे खरोखरचं सिलॅनोलेट तयार होतं. हा भार झाकायला कॅल्शियम आलं तर थर एकमेकांना धरून राहतात. सोडियम आलं तर पाणी आत शिरतं, थर सुटे होतात, मातीची छिद्रं बुजतात. जमीन चोपण होते, पावसाचं पाणी वरच साचतं आणि पऱ्हाटी पिवळी पडते.

शास्त्रीय मोजमापात पापुद्र्यांवर अदलाबदल होणाऱ्या एकूण भारापैकी 15 टक्के सोडियम झालं की जमीन बिघडली असं मानत आले. पूर्णा खोऱ्यातल्या मातीचा अभ्यास करणाऱ्या नागपूरच्या मृदा संशोधकांना मात्र 5 टक्क्यांपासूनच निचरा मंदावताना दिसला. या मातीत 5 टक्के म्हणजे किलोमागे साधारण अर्धा ग्रॅम सोडियम. 1,600 टनांत एक टनाहूनही कमी!

ते सगळं हटवायचं, तर हिशेबाने एकरी साडेतीन टन जिप्सम लागेल. त्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं, पण सुटलेलं सोडियम खाली वाहून न्यायला गोडं पाणी आणि वाहते चर हवेत. पण पूर्णा खोऱ्यातल्या या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणीच खारं. ते दिलं की सोडियम पुन्हा हजर. म्हणून इथे पावसाचं पाणी साठवणारं शेततळं जिप्समच्या पोत्याइतकंच गरजेचं आहे.