पिशवीची पत

आपल्या कुणाच्याही घरात स्वयंपाकघराच्या दारामागे एक खिळा असतो. त्या खिळ्याला एक पिशवी लटकत असते आणि त्या पिशवीत आणखी वीस-पंचवीस पिशव्या कोंबलेल्या असतात. घर लहान असो की मोठं, हिंदूचं असो की मुसलमानाचं, हा खिळा काही चुकत नाही. पण मित्रहो, घरातल्या सगळ्याच पिशव्या या खिळ्यावर नसतात. काही कपाटात, साड्यांच्या खाली, घडी न मोडता ठेवलेल्या असतात. काही गादीखाली सपाट पडून असतात. काही मोरीच्या कोपऱ्यात कचऱ्याची वाट बघत असतात. पिशव्यांना अशा आपापल्या जागा असतात. त्या कुणी ठरवून दिलेल्या नसतात, तरी घरातल्या लहान मुलालाही त्या पाठ असतात. आज या पिशव्यांच्या मानापमानाविषयी थोडं बोलायचं आहे.

समजा, शेजारी मूठभर कढीपत्ता द्यायचा आहे. कुठलीही पिशवी चालते. पण व्याह्यांकडे आंबे पाठवायचे असतील तर दारामागच्या पिशवीला कुणी हात लावत नाही. कपाट उघडलं जातं आणि ज्या मोठ्या दुकानातून लग्नाचा बस्ता बांधला होता, त्या दुकानाची पिशवी बाहेर येते. कामाला येणाऱ्या मावशींना उरलेलं अन्न द्यायचं तर नाव नसलेली पातळ पिशवी शोधली जाते. चुकून चांगली पिशवी हाताला लागली तर 'तेवढी पिशवी उद्या परत आणा हं' असं मागून सांगितलं जातं. अन्न परत नको असतं, पिशवी हवी असते.

माझ्या लहानपणी आमच्याकडून ईदेला शेजारी शीरखुर्म्याचा डबा जायचा आणि दिवाळीला त्यांच्याकडून फराळ यायचा. डबा रिकामा परत करायचा नाही, हे दोन्ही घरांना माहीत होतं. पण माझी अम्मी डब्याआधी पिशवी बघायची. फराळ कोल्हापूरच्या दुकानाच्या पिशवीतून आला असेल, तर शीरखुर्मा गावातल्या दुकानाच्या पिशवीतून पाठवणं तिला पटत नसे. मग शोधाशोध सुरू व्हायची. इतक्या वर्षांच्या शेजारात या गोष्टीविषयी दोन्ही घरांत एक अक्षर कधी बोललं गेलं नाही.

पिशवी किती मजबूत आहे यावर तिची पत ठरत नाही. ती कुठून आली यावर ठरते. तालुक्याच्या दुकानापेक्षा जिल्ह्याचं दुकान वरचं, त्याहून पुण्या-मुंबईचं वरचं. आखातातून सुट्टीवर आलेल्याच्या घरातली ड्यूटी-फ्रीची पिशवी या सगळ्यांच्या वर. तिच्यात नंतर कांदे भरले तरी तिचा मान जात नाही. याउलट पतसंस्थेच्या वार्षिक सभेत वाटलेली पिशवी, बियाणं कंपनीची पिशवी, निवडणुकीतली पिशवी या कितीही टिकाऊ असल्या तरी खालच्या पायरीवर. कारण उघड आहे. त्या सगळ्यांना फुकट मिळतात. साडीच्या दुकानाची पिशवी म्हणजे आपण त्या दुकानात खरेदी केल्याची पावती असते, आणि ही पावती वर्षानुवर्षं चारचौघांत मिरवता येते.

आपल्या भाषेलाही हा भेद माहीत आहे. आमच्या घरात दखनी बोलली जाते, तिच्यात पिशवीला सरळ 'थैली' म्हणतात. शाळेत गेल्यावर कळलं की मराठीत थैली ही मोठ्यांची. पुढाऱ्याला थैली अर्पण करतात, पैसेवाल्याला थैलीशहा म्हणतात. भिक्षा मागतो त्याची झोळी. गाव सोडून जातो त्याचं बोचकं. बाजारात जातो त्याची पिशवी. आणि आम्हा कवी लोकांची शबनम! तेच कापड, तसेच बंद. पण खांद्याला अडकवलं की शबनम, हातात धरलं की पिशवी. तरुणपणी मीही शबनम वापरली. तिच्यात कवितांच्या वहीखाली बहुतेक वेळा मेथीची जुडी असायची. पण वरून दिसायची ती वही.

माझे अब्बा शिंपी होते. शिवणकामातून उरलेलं कातरण आमच्या घरात कधी वाया गेलं नाही. वीतभर तुकडे जोडून अब्बा पिशव्या शिवायचे. जुन्या पँटचा पाय कापला, खालून दुहेरी टीप मारली, वर पट्टीचे बंद लावले की झाली पिशवी. त्या काळी वाण्याकडून सामान कागदाच्या पुड्यांतून यायचं. पुडीचा दोरासुद्धा गुंडाळून ठेवला जायचा. पिशवी घरूनच न्यावी लागे, म्हणून पिशवी नेण्यात कमीपणा नव्हता. ऐंशीच्या दशकात आमच्या गावात प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या आणि चित्र पालटलं. सुरुवातीला तर त्या धुऊन दोरीवर वाळत घातल्या जायच्या. पुढे त्या फुकट मिळू लागल्या आणि रिकाम्या हातानं बाजारात जाणं ही ऐटीची गोष्ट झाली. घरून पिशवी आणतो तो जुन्या वळणाचा, नाहीतर गरीब, असं होऊन बसलं.

१९८६ साली मी दहावी झालो. अकरावीला जिल्ह्याच्या गावी नाव घालायचं होतं. अब्बा बरोबर आले. दाखला, गुणपत्रिका, फीचे पैसे आणि दोन वेळच्या भाकऱ्या असं सगळं एका पिशवीत होतं. पावसाचे दिवस, म्हणून अब्बांनी खताच्या पोत्याची पिशवी शिवली होती. पोत्याच्या आतला पातळ प्लॅस्टिकचा थरही त्यांनी शिलाईत घेतला होता. छापील अक्षरं आतल्या बाजूला राहतील अशी काळजी घेतली होती. त्या दिवशी त्या आवारात आमच्याइतके कोरडे कागद कुणाचेच नव्हते. पण बाहेरून पोतं भिजलं आणि आतलं 'युरिया' हे नाव उलटं दिसू लागलं. रांगेतल्या एका मुलानं ते मोठ्यानं वाचलं. दोघं-तिघं हसले. मी अब्बांना म्हणालो, "तुम्ही गेटजवळ थांबा, कागद मी घेऊन जातो."

अब्बांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पिशवीकडे. काही न बोलता कागद काढून माझ्या हातात दिले आणि गेटजवळ जाऊन उभे राहिले. खिडकीपर्यंत पोचेतो कागद माझ्या हातात भिजले.

दिवाळीच्या आधी ते मला भेटायला आले तेव्हा त्यांच्या हातात एका नामांकित साडीदुकानाची जाड कापडी पिशवी होती. त्या दुकानाची पायरी आमच्या घरातलं कुणी कधी चढलेलं नव्हतं. आत भाकऱ्या त्याच होत्या. पुढे सुट्टीत अम्मीकडून कळलं. ब्लाउज शिवायला आलेल्या एका वहिनींकडे अब्बांना ती पिशवी दिसली. त्यांनी शिलाई घेतली नाही, पिशवी मागून घेतली. म्हणजे लाज मला वाटली होती आणि तिचे पैसे अब्बांनी भरले होते.

हे मी आज सांगतो आहे, कारण पिशवीची लाज एकाला वाटते आणि भुर्दंड दुसऱ्याला पडतो, हे मी पुढेही पाहत आलो. मोठ्या दवाखान्याच्या बाहेर बसलेली माणसं बघा. खेड्यातून आलेली माणसं एक्स-रे, रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या घरातल्या सगळ्यात चांगल्या पिशवीत घालून आणतात. डॉक्टरांच्या खोलीत जायचं असतं ना! आपल्याला नीट वागवावं, ही विनंती ती पिशवी त्यांच्या वतीनं करत असते. मोठ्या दुकानांत शिरताना कापडी पिशवी बाहेर ठेवायला सांगतात, खांद्यावरची पर्स मात्र आत जाते. दोन्हींत वस्तू सारख्याच मावतात.

आणखी एक गोष्ट सांगतो, तक्रार म्हणून नव्हे. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकलमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्यानंतर काही वर्षं मी गाडीत बसलो की माझी जुनी फुगलेली पिशवी पायाशी ठेवत नसे, मांडीवर घेऊन बसत असे. तिची तोंडं उघडी ठेवत असे, म्हणजे आतली पुस्तकं दिसावीत. लोक घाबरले होते आणि त्यांचं घाबरणं मला कळत होतं. पण माणसं पिशवी आणि हात एकत्रच जोखतात, हे मला तेव्हा नीट समजलं.

आता कायद्याकडे येतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. गटारं तुंबण्यामागे प्लॅस्टिकच्या पिशव्या आहेत, असं तेव्हा सगळ्यांच्याच तोंडी झालं आणि राज्यानं पिशवीच्या जाडीचे नियम कडक केले. मार्च २०१८ मध्ये राज्यानं प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर सरसकट बंदीच घातली. पहिल्या गुन्ह्याला ५ हजार रुपये दंड, दुसऱ्याला १० हजार, तिसऱ्याला २५ हजार आणि तीन महिने कैद. केंद्राच्या नियमांनुसार ३१ डिसेंबर २०२२ पासून देशभर १२० मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅग चालत नाही. मधल्या काळात कापडासारखी दिसणारी एक रंगीत पिशवीही आली. तिला पुष्कळ जण कापडीच समजतात, पण ती पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लॅस्टिकचीच असते.

इतके नियम झाले, तरी पातळ पिशवी भाजीवालीच्या पोत्याखाली आहेच. का? तिला विचारा. ती सांगेल, "पिशवी नाही म्हटलं की गिऱ्हाईक पुढच्या गाड्यावर जातं." आणि हे गिऱ्हाईक कोण असतं? आपल्यासारखं शिकलेलं, नोकरीवरून परतणारं. सकाळी रिकामी पिशवी खिशात घालून निघणं त्याला कमीपणाचं वाटतं. ऑफिसात हातात पिशवी दिसली तर 'काय, आज बाजारहाट तुमच्याकडे वाटतं?' असं कुणीतरी म्हणेल, ही धास्ती. त्याची लाज राखायला भाजीवाली पिशवी ठेवते. पथक आलं की ५ हजार तिचे जातात. दिवसभर कोथिंबीर विकून किती सुटतात, याचा हिशेब ज्याचा त्यानं करावा. मायक्रॉन मोजायचं यंत्र निघालं आहे. ही लाज मोजायचं यंत्र नाही, म्हणून तिचा उल्लेख कुठल्या अधिसूचनेत येत नाही.

जिथे ग्राहक जागा झाला, तिथे गोष्ट वेगळी घडली. चंडीगडमध्ये एका ग्राहकाकडून बुटांच्या एका दुकानानं कागदी पिशवीचे ३ रुपये घेतले. पिशवीवर कंपनीचंच नाव. तो ग्राहक मंचात गेला. पैसे आम्ही द्यायचे आणि जाहिरातही आम्हीच तुमची करायची, हे कसं, असा त्याचा मुद्दा होता. २०१९ साली मंचानं तो मान्य केला आणि दुकानाला ९ हजार रुपये भरायला लावले. मी ही बातमी वाचली तेव्हा हसू आलं. आपण तर तीच जाहिरात आयुष्यभर आनंदानं करत आलो, वर तिची घडी घालून कपाटात ठेवली!

आणि आता चक्र फिरून कुठे आलं आहे पाहा. मे २०२५ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्डस्ट्रॉम या बड्या दुकानसाखळीत एका जपानी कंपनीची पिशवी विकायला असल्याची छायाचित्रं आपल्याकडे घरोघरी फिरली. साधी पांढरी कापडी पिशवी. आपल्याकडचा मिठाईवाला फुकट देतो तशी, वर हिंदीत दुकानाचं नाव छापलेलं. किंमत ४८ डॉलर, म्हणजे ४ हजार रुपयांच्या वर. आपण सगळे हसलो. पण त्या हसण्यात मला थोडी चुटपूट होती. ती पिशवी तिकडच्या हातात फॅशन होते आणि इकडच्या हातात गरिबी, हे आपण मान्यच करून टाकलं होतं.

माझ्या मुलीनं मागे एका प्रदर्शनातून ६०० रुपयांची पिशवी आणली. तुकडे जोडून शिवलेली. मी शिलाई पाहिली. टीप एकेरी होती, अब्बांची दुहेरी असायची. मुलगी ती घेऊन कुठेही जाते, तिला कुणी गेटजवळ थांबायला सांगत नाही. याचा मला आनंदच आहे. पण तशीच जोडतुकड्यांची पिशवी घेऊन रस्ता झाडणाऱ्या ताई बँकेत शिरल्या तर खिडकीवरचा माणूस त्या पिशवीला पर्यावरणप्रेम म्हणेल का, हा प्रश्न मी तिला विचारला. ती गप्प राहिली. मीही तिला पुढे छेडलं नाही.

अब्बा आता नाहीत, त्यांचं मशीन आहे. युरियाची गोणी पूर्वी ५० किलोची असायची, २०१८ पासून ती ४५ किलोची झाली. तशी एक रिकामी गोणी आणून मी पिशवी शिवून घेतली आहे. या वेळी अक्षरं मुद्दाम बाहेर ठेवली. मंडईत मी तीच नेतो. दोन-चार ओळखीचे लोक बघतात, एखादा हसतो. भाजीवाली मात्र काही न बोलता सरळ तिच्यात कांदे ओतते.

सगळंच जमलं आहे असं नाही. परवा थोरल्या मुलाच्या सासरी आंबे पाठवायचे होते. मी युरियाची पिशवी पुढे केली. बायकोनं ती माझ्या हातातून काढून घेतली आणि कपाट उघडलं. मीही मग कुठली पिशवी द्यावी, हे तिच्याबरोबर शोधत उभा राहिलो.