डोंगऱ्याचा कागद

धनत्रयोदशीची रात्र आहे. खाली अंगणात पणत्या लावून झाल्यात आणि वर गच्चीवरच्या खोलीत आम्ही चौघं सतरंजीवर बसलो आहोत. मधे चौरंग आहे. त्यावर ग्राफ पेपर, ग्राफ पेपरवर पेन्सिलनं काढलेली नदी. बुद्धिबळातला काळा उंट म्हणजे माझ्या भाचीची जादूगारीण, नाव मिरची. बटण म्हणजे शेजारच्या मुलाचा चोर. आणि काठावर उभं केलेलं सोड्याच्या बाटलीचं झाकण म्हणजे डोंगऱ्या, ढालकरी. डोंगऱ्या ज्याचा, तो मुलगा इथं नाही. तो अस्तंभ्याला गेला आहे.

नंदुरबारमध्ये हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दिवाळीत सातपुड्यातल्या अस्तंभ्याच्या डोंगरावर अश्वत्थाम्याची यात्रा असते. जिल्ह्यातले आणि शेजारच्या गुजरातमधले तरुण टोळ्याटोळ्यांनी निघतात. तो तळोद्याचाच. दुपारी मित्रांबरोबर बाहेर पडला आहे आणि आत्ता कुठल्या तरी धारेवर बॅटरीच्या उजेडात चालत असणार. फोन लागत नाही. भाच्यानं दोनदा करून पाहिला.

मी या मुलांची फुई. पुण्या-मुंबईकडं आत्या म्हणतात, आमच्या खानदेशात फुई. दिवाळीला माहेरी आले आणि यांनी मला ओढून बसवलं. खेळ नवा नाही. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणला. एकानं गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतला एकेक माणूस व्हायचं, आणि जमलं की फसलं ते फाशानं ठरवायचं. २०२३ मध्ये त्याचे मूळ नियम सगळ्यांना मोफत वापरायला खुले झाले. चारशेच्या आसपास पानं आहेत. यांनी लागतील तेवढीच झेरॉक्स करून स्पायरल बाइंडिंग केलं आहे. गोष्ट चालवतो माझा भाचा. त्याला सगळे डीएम म्हणतात.

माझ्यापुढं डोंगऱ्याचा कागद आहे. आज तो माझ्याकडं दिला आहे.

“फुई, तू फक्त सांभाळायचंस,” भाचा म्हणतो. “तो तुझा नाही.”

हे तो इतक्या गंभीरपणे का सांगतो, ते मला मघाशी जिन्यात कळलं आहे. दोन उन्हाळ्यांपूर्वी यांच्यात आणखी एक मुलगा खेळायचा. एका रात्री तो आला नाही. त्याचा माणूस सगळ्यांनी मिळून चालवला. सगळ्यांचा म्हणजे कुणाचाच नाही. अंधाऱ्या दारातून आधी कुणी जायचं? त्याला पाठवा. पेटीत साप असला तर? त्याला उघडू दे. तिसऱ्या दाराला तो मेला. पुढच्या वेळी मुलगा आला, त्यानं आपला कागद पाहिला, घडी घालून खिशात ठेवला आणि चहा पिऊन गेला. पुन्हा आला नाही. भाचा हे सांगताना जिन्याच्या कठड्याकडं बघत होता.

त्यानंतर यांनी रीत ठरवली. येणार नसेल त्यानं आधी सांगायचं, आपल्या माणसाचं काय करायचं ते. भाचीची एक मैत्रीण दिवाळीला नवापूरला गेली आहे. ती म्हणाली, माझीला बाहेर ठेवा. म्हणून तिची तिरंदाज सध्या घोड्यांच्या बाजारात आहे. गोष्टीतला हा बाजार यांनी सारंगखेड्याच्या यात्रेवरून उचलला आहे, आणि एवढे घोडे असल्यावर राखायला कुणीतरी लागणारच. ती परत आली की घोडे घेऊन येईल. कुणी कारण विचारत नाही, गोष्ट अडत नाही.

“अशानं सगळ्यांनाच घोड्यांपाशी ठेवता येईल की,” मी म्हणते.

“येईल. बेन रॉबिन्स म्हणून एक डीएम आहे, त्यानं वेस्ट मार्चेस नावाचा खेळ असाच बांधला होता. प्रत्येक मोहीम गावातून निघणार आणि रात्र संपायच्या आत गावात परतणार. मग पुढच्या वेळी जे येतील ते निघतील. पण आपण सुट्टीतच भेटतो, फुई. गोष्ट नदीत अर्ध्यावर थांबलेली असते. नदीतून माणूस गायब कसा करू?”

आणि तळोद्याच्या मुलानं स्वतःच सांगितलं आहे, माझा चालवा. त्यासाठी कागदाच्या मागं त्यानं तीन ओळी लिहून ठेवल्या आहेत. अक्षर घाईचं आहे.

लहान पोरांशी खोटं बोलत नाही.
पाण्याला भितो, पण सांगत नाही.
कुणी थांबायचं असेल तर हा थांबतो.

पुढच्या बाजूला त्याच्या सामानाची यादी: ढाल, दोर, भाकरी, आणि ‘संजीवनी १’. संजीवनीच्या पुढं बारीक अक्षरात लिहिलं आहे, ‘आजीसाठी’. कुणाची आजी, डोंगऱ्याची की त्या मुलाची? भाच्याला विचारते. त्यालाही माहीत नाही. दोन महिने ती बाटली यादीत आहे, एवढंच.

खेळ सुरू होतो. नदीला पूर आहे. तराफ्यावर मिरची, चोर आणि मोहरांची पेटी. दरोडेखोर मागून येत आहेत. तराफ्याचा दोर काठावरच्या खुंटाला बांधलेला आहे. पलीकडं पोचेपर्यंत तो कुणीतरी राखायला हवा.

“कोण थांबणार?” भाचा विचारतो आणि तिघांचे डोळे माझ्याकडं येतात.

कागद उलटवून बघायची गरज नसते, तरी मी बघते. डोंगऱ्या बोलतो अहिराणीत. तेवढी मला येते, माझ्या आईची बोली आहे.

“तुम्हीन जा पुढे,” मी म्हणते, “मी शे ना आठे.”

भाची टाळी वाजवते. “तो अस्संच म्हणतो!”

पण माझ्या मनात दुसरी ओळ घोळते आहे. डोंगऱ्या मित्रांसाठी थांबला, की पाण्याला भिऊन काठावर राहिला? कदाचित दोन्ही. त्याचा मालक आत्ता इथं असता तर ही गोष्ट त्याला आतून कळली असती. मला फक्त त्याचे शब्द बोलता येतात.

दरोडेखोर येतात. पहिला बाण ढालीवर. दुसरा खांद्यात. मी फासा टाकते तो माझा, निळा. त्या मुलाचा फासा त्यानं काड्यापेटीत घालून ठेवून दिला आहे आणि पेटीला कुणी हात लावलेला नाही. तिसरा घाव तलवारीचा. भाचा आकडे मिळवतो, ओठ चावतो.

“डोंगऱ्या शून्यावर.”

नियम असा आहे की शून्यावर आलेला माणूस लगेच मरत नाही. आपली पाळी आली की त्यानं वीस बाजूंचा फासा टाकायचा. दहा किंवा वर पडलं तर एक खूण जगण्याची, खाली पडलं तर एक मरणाची. ज्या बाजूच्या तीन खुणा आधी भरतील, ते खरं. एक पडला तर मरणाच्या दोन खुणा एकदम.

“त्याची पाळी चोर आणि मिरचीच्या नंतर आहे,” भाचा म्हणतो. काड्यापेटी उचलून तो माझ्यापुढं ठेवतो. “पाळी आली तर तुला टाकावा लागेल, फुई.”

मला टाकायचा नाही. खेळ आहे हे मला कळतं, वयही आहे कळण्याचं. तरी सांगते, त्या पेटीकडं हात जात नाही.

“संजीवनी पाजा ना त्याला!” शेजारचा मुलगा म्हणतो. “त्याचीच आहे, त्याच्याच कमरेला आहे. त्याच्याच जिवासाठी!”

बोलणं रास्त आहे. भाचा माझ्याकडं बघतो. कागद माझ्याकडं, म्हणजे निवाडाही माझाच.

“नाही,” मी म्हणते. “तिच्यावर नाव आहे.”

“पण मेला तर बाटलीचा काय उपयोग?”

“तो असता तर त्यानं ठरवलं असतं. प्यायलाही असता. आपण नाही उघडायची.”

थोडा वेळ कुणी बोलत नाही. खालून चकल्या तळल्याचा वास येतो आहे. मधेच वाऱ्यावर बाजार समितीकडून मिरचीचा ठसका येतो आणि आम्ही सगळेच शिंकतो.

“दुसरं काय करता येईल?” भाची विचारते.

“जखम बांधता येईल. पण त्याच्यापर्यंत पोचायला हवं. म्हणजे तराफा सोडायचा.”

तराफा सोडायचा म्हणजे पेटी गेली. गेल्या मे महिन्यापासून या पोरांनी त्या पेटीचा माग काढला आहे. भाचीच्या वहीत मोहरांचा हिशेब मांडून तयार आहे, कोण काय घेणार तेही लिहिलेलं आहे.

शेजारचा मुलगा बटण उचलतो आणि नदीत ठेवतो. “चोर उडी मारतो.”

तो पोहून काठाला लागतो, डोंगऱ्याच्या खांद्यावर फडकं दाबतो. दहा हवेत. फासा घरंगळत चौरंगाच्या कडेला जातो. सहा.

आता मिरची. तराफ्यावर ती एकटी आहे. तिनं वल्हं मारलं तर अजूनही पेटीसकट पलीकडं पोचेल. माझी भाची दहावीत आहे, हिशेबाची पक्की, अर्धा लाडूसुद्धा मोजून वाटते. ती उंट दोन बोटांत धरते आणि काही न बोलता झाकणाजवळ आणून ठेवते. मग फासा दोन्ही हातांत घेऊन बराच वेळ हलवते.

चौदा.

शेजारचा मुलगा इतक्या जोरात ओरडतो की खालून माझी वहिनी विचारते, काय झालं रे? भाचा पडद्यासारखी उभी केलेली फाइल खाली करतो. तराफा पेटीसह पुरात निघाला आहे आणि दरोडेखोर तिच्यामागं काठाकाठानं पळत सुटले आहेत. डोंगऱ्या शुद्धीवर नाही, पण जीव टिकला आहे. त्याला पुन्हा फासा टाकायची गरज नाही. काड्यापेटी उघडली गेलेली नाही.

“जागा कधी होणार?” मी विचारते.

“तो अस्तंभ्याहून उतरला की,” भाचा म्हणतो.

त्या डोंगराबद्दल लहानपणी आम्ही ऐकलेलं, की कपाळावर जखम घेऊन अश्वत्थामा तिथं अजून फिरतो, वाटसरूंकडं तेल मागतो आणि वाट चुकलेल्याला वाट दाखवतो. खिडकी उत्तरेला आहे. सातपुडा त्या बाजूलाच, पण रात्री काही दिसत नाही.

मी डोंगऱ्याच्या कागदावर लिहायला घेते. शाईनं नाही, पेन्सिलनं, म्हणजे काही पटलं नाही तर त्याला खोडता येईल. शून्य. शुद्ध नाही. ढाल आहे. भाकरी आहे. संजीवनी १, आजीसाठी.

“पेटीचं लिहू का?”

“लिही, नदीत गेली म्हणून,” शेजारचा मुलगा म्हणतो. “त्याच्यामुळं गेली असं नको.”

“त्याच्यामुळं नाहीच गेली,” भाची म्हणते. “आपण सोडली.”

मी तसंच लिहिते. मग ती माझ्या हातातून पेन्सिल घेते आणि कागदाच्या वरच्या कोपऱ्यात आजच्या रात्रीचे अनुभवाचे गुण मांडते. आधी चोराचे, मग मिरचीचे बघून, बरोबर तेवढेच. घोड्यांपाशी थांबलेल्या तिरंदाजाच्या कागदावरही तेवढेच. बेरीज दोनदा तपासते, आणि काड्यापेटी कागदावर वजन म्हणून ठेवते.